माफ केलेला उस्ताद

मुतलक उस्तादासमोर कोणी "जरा लवकर" म्हटलं, की तो हातातला पाना खाली ठेवायचा, चिंधीला हात पुसायचा आणि चहाचं आधण चढवायचा. मग तुम्ही मुकाट्याने दोन कप चहा प्यायचा, आणि तोवर तुमची गाडी ठोकळ्यांवर पोट उघडं टाकून उभी. आमचे ड्रायव्हर त्याला पाठीमागे भरपूर शिव्या घालत, आणि ॲक्सलमधून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला की पुन्हा त्याच्याच दारात जाऊन उभे राहत. आमच्या वाळवंटात कुवैरापासून खाली अकाबा बंदरापर्यंत डिफरन्शियल उघडणारे पुष्कळ होते, पण उघडलेलं नीट मिटवणारा तो एकटाच होता.

तो मूळचा मआनकडचा. बावीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपमध्ये काढून, बायको गेल्यावर, हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपामागे दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड घेऊन राहिला होता. मुलगी लग्न होऊन लांब इर्बिदला. आमच्याकडे माणसाला त्याचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात तू कोणाचा. मुतलक आमच्यातला कोणाचाच नव्हता. त्याच्या हातचा ॲक्सल सगळ्यांना हवा असायचा, पण लग्नाकार्यात आठ-दहा जण एकेका मोठ्या थाळीभोवती मानाप्रमाणे बसतात, त्यात त्याला शेवटच्या थाळीवर बसवायचे, जिथे भातावर मटणापेक्षा हाडंच जास्त असतात. तो जेवायचा, यजमानाला दुवा द्यायचा आणि निघून जायचा. मी तेव्हा मधल्या थाळीवर बसायचो, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसायचं नाही.

त्याचं काम बघत बसायला मात्र मला आवडायचं. इंजिनाची फिरकी लांब दांड्यातून ॲक्सलच्या पोटात येते. तिथे पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं, आणि त्याने गाडीची चाकं फिरतात. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून काढतात आणि दोघांवर एकच आकडा कोरतात. "एकीचा नवरा दुसरीच्या घरात नांदत नाही," असं मुतलक म्हणायचा आणि आधी तो आकडा वाचायचा. मग कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ चकत्या घालून-काढून दोन दातांमधला खेळ, म्हणजे मोकळी फट, जमवायचा. खेळ कमी झाला तर दात तापून जळतात, जास्त झाला तर आपटून तुटतात. शेवटी दातांना पिवळा रंग लावून चाक फिरवायचा आणि रंग कुठे पुसला गेला ते बघायचा. तो डाग दाताच्या बरोबर मध्ये पडला, की त्यावर चिकटपट्टी दाबून डाग उचलायचा आणि शाळेच्या वहीत चिकटवून खाली गाडीवाल्याचं नाव लिहायचा. अशा सात वह्या त्याच्याकडे होत्या, आणि कामाबद्दल कोणी शंका काढली की तो तोंडाने काही न बोलता वही समोर टाकायचा.

फव्वाज माझा मेहुणा. माझी बहीण नोफा त्याच्या घरात दिलेली, आणि मी आणि माझा धाकटा भाऊ सत्ताम वादी रमच्या वाळवंटातल्या त्याच्या कॅम्पवर प्रवाशांच्या जीपा चालवायचो. त्या साली फव्वाजने एका जीपला मोठाले टायर बसवले. फोटोत झकास दिसायचे. पण इंजिनाला ते ओढवेनात, आणि चढावर गाडी धापा टाकायला लागली. आम्ही तिघे ती घेऊन मुतलककडे गेलो.

"टायर बघ, उस्ताद," फव्वाज म्हणाला.

"बघितले. सासऱ्याचे जोडे घालून नवरदेव पळायला निघालाय."

"म्हणून तर नवे क्राउन-पिनियन आणलेत. मोठ्याला एकोणचाळीस दात, छोट्याला आठ. आता ओढेल ना?"

मुतलकने खोका उघडला, दोन्ही चाकांवरचे आकडे वाचले आणि म्हणाला, "ओढेल. पण ही एकच जोडी आहे."

"मागच्या ॲक्सलची. पुढची पंधरा दिवसांत येतेय."

"मग पंधरा दिवसांनी ये. चहा घेणार?"

"अरे उस्ताद, सीझन आहे! पंधरा दिवस गाडी झाकून ठेवू?"

मुतलकने समजावलं, आणि त्या दिवशी तो खरंच शांतपणे समजावत होता. "फोर व्हील टाकली की इंजिन पुढे-मागे सारखंच फिरवतं. मागे नवे दात, पुढे जुने. मागची चाकं म्हणणार हळू चल, पुढची म्हणणार पळ. आतल्या आत एकमेकांच्या नरडीला लागतील. मग जे कच्चं असेल ते तुटेल."

"वाळूत चाकं घसरतातच की," फव्वाज हसला. "वाळू सगळं माफ करते."

सत्तामही हसला, मीही हसलो. हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. चुकीचा गियर, चुकीची हवा, चुकीचा ड्रायव्हर, सगळं वाळूत खपून जातं.

"आणि वाळू संपते तिथे?" मुतलकने विचारलं.

शेवटी त्यानेच तोड काढली. मागची जोडी तो बसवून देईल, पण पुढच्या ॲक्सलला फिरकी नेणारा दांडा काढून ठेवील, म्हणजे फोर व्हीलची कांडी ओढली तरी पुढे काही पोचणारच नाही. पुढची जोडी आली की दांडा परत. फव्वाज कबूल झाला. मुतलकने दोन दिवस घेतले, डागाची पट्टी वहीत चिकटवली, दांडा भिंतीवर दोन खिळ्यांना टांगला आणि गाडी सत्तामच्या हातात देताना सांगितलं, "पहिले काही दिवस हळू चालव. अर्ध्या तासाने थांबायचं, ॲक्सलला हात लावून बघायचं. तापलेला वाटला तर सिगारेट ओढायची, मगच पुढे जायचं."

"मी सिगारेट ओढत नाही, उस्ताद."

"मग लग्नाचा विचार करत बस," मुतलक म्हणाला.

चौथ्या दिवशी कॅम्पवर मोठा गट उतरला, आणि नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी जीप दर दोन टेकाडांमागे रुतायला लागली. फव्वाजकडे एक मोडकी जीप पडून होती. "तिचा दांडा काढून बसवा," तो म्हणाला. "आपण थोडेच डांबरी रस्त्यावर जातोय?" सत्ताम जीपखाली शिरला. दांड्याला दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट असतात. मागचे चार त्याने आवळले, पुढचे चार मी आवळले.

"काही होणार नाही ना रे?" त्याने खालून विचारलं.

"वाळूतच जायचंय ना? मग काय होतंय," मी म्हणालो.

दोन दिवस खरंच काही झालं नाही. गाडी जराशी जड ओढते, एवढंच सत्ताम म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी फव्वाजने त्याला दगडी कमानीपाशी थांबलेल्या पाहुण्यांना आणायला पिटाळलं, आणि तेही खडकाच्या उतारावरून, कारण ती वाट जवळची. सत्ताम एकटाच होता. वाळूतून वर चढताना त्याने फोर व्हील टाकली असणार. पुढे खडक लागल्यावर ती काढायचा प्रयत्नही केला असेल, पण दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढायला लागले की कांडी अडकून बसते, मागे येत नाही. उतारावर पुढचं पिनियन तुटलं, तुकडा क्राउनमध्ये अडकला, पुढची चाकं जागच्या जागी आवळली गेली आणि जीप उलटली. मी पोचलो तेव्हा सत्ताम स्टिअरिंगखाली होता आणि कांडी अजून फोर व्हीलमध्येच होती. तो सव्वीस वर्षांचा होता.

दुखवट्याच्या दुसऱ्या दिवशी मुतलक आला. बसला, सत्तामसाठी फातिहा वाचली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "अव्वाद, मला ते ॲक्सल उघडू दे." कॅम्पच्या मागे आणून टाकलेल्या त्या जीपचा त्याने आधी मागचा ॲक्सल उघडला. क्राउन-पिनियन जसेच्या तसे होते, एकाही दाताला चरा नव्हता. त्याने वहीतली पट्टी काढून दातांशेजारी धरली आणि मला नीट बघू दिलं. मग पुढचा उघडला. जुन्या पिनियनचे तीन दात उडाले होते. मग तो खाली वाकून दांड्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडचा दांडा माझ्या भिंतीवर आहे," तो म्हणाला. "हा कुठून आला?"

मी सांगितलं, मोडक्या जीपचा. फव्वाजने बसवायला लावला, तेही सांगितलं.

"सत्ताम पडल्या पडल्या एका टोकाचे बोल्ट आवळत असेल, तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवं," तो म्हणाला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि हा विषय पुन्हा कधीही काढला नाही.

पोलिसांनी कागदावर लिहिलं, गाडीत बिघाड. पण आमच्यात तेवढ्याने भागत नाही. चुलते विचारायला लागले, बिघाड कोणाचा? नाव आल्याशिवाय दुखवट्याचा तंबू उठणार नव्हता. तेव्हा फव्वाजच्या बापाने, अबू फव्वाजने, मला स्वतःशेजारी बसवलं. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील गेल्यावर आम्हाला त्यांनीच वाढवलं, हे ते कधी बोलून दाखवत नसत, कारण गरजच पडायची नाही.

"बाळा, माझ्या पोराचं नाव आलं तर काय होईल, तू सांग," ते म्हणाले.

"चुलते गप्प बसणार नाहीत, काका."

"नोफा आणि तिची तीन पोरं कुठे राहतील? तुझ्या आईकडे? का माझ्याकडे? कॅम्प बंद पडला तर चाळीस माणसं काय खातील? आता गेलेला परत येतोय का?"

"नाही."

"मेकॅनिकच्या हातून चूक झाली म्हटलं, तर ती हाताची चूक. त्याच्यामागे ना भाऊ ना चुलता, वैर धरायचं कोणाशी? तुम्ही त्याच दिवशी माफ करा. त्याचंही काही जात नाही, आपलंही काही जात नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या चोराच्या पाठोपाठ माझंही नाव आलं असतं, हेही कळत होतं. मी मान हलवली.

"मग तूही चल," ते म्हणाले. "मेलेल्याचा भाऊ दारात आला तर तो नाही म्हणू शकणार नाही."

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आम्ही अकरा जण मुतलकच्या दोन खोल्यांत गेलो. एवढे थोर लोक त्याच्या घरी कधी आले नव्हते. त्याची धांदल उडाली. पंपावरून गाद्या मागून आणल्या, कॉफी स्वतः भाजली, स्वतः कुटली. घाई त्याला कधी जमायची नाही, त्या दिवशी मात्र तो घाई करत होता. त्याला वाटलं असावं, खरं काय ते कळल्यावर त्याची समजूत घालायला, आभार मानायला लोक आलेत. त्याने पहिला कप अबू फव्वाजच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. मग एकेकाने तसंच केलं. शेवटचा मी होतो.

कप खाली ठेवला म्हणजे पाहुणा काहीतरी मागायला आलाय. मागितलेलं मिळाल्याशिवाय तो पिणार नाही, आणि पाहुणे न पिता उठून गेले तर त्या घराला पुन्हा चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे मुतलकलाही ठाऊक होतं. किटली हातात तशीच धरून तो उभा राहिला.

"अबू फव्वाज, कॉफी प्या," तो म्हणाला.

"पिऊ. आधी आमचं काम कर."

"काय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. गोड शब्दांत, अल्लाहचं नाव चार वेळा घेऊन सांगितलं. मुतलक आतल्या खोलीत गेला आणि वही घेऊन आला. पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. अव्वादने डोळ्यांनी बघितलंय. मागचे दात आजही असेच आहेत."

"उस्ताद, आम्ही शाळेत नाही आलो," अबू फव्वाज म्हणाले. "तुझ्या घरी आलोय. कॉफी निवतेय."

दोन-तीन जण खोकले. मुतलकने वही मिटली. त्याने ओळीने सगळे कप बघितले आणि नजर माझ्या कपावर येऊन थांबली.

"अव्वाद, तूसुद्धा?"

मी कपातल्या कॉफीकडे बघत राहिलो. मला वाटतं, मी तेव्हा उठून एक घोट घेतला असता तरी पुरलं असतं. मी नाही घेतला.

"प्या," तो म्हणाला. "दिलं."

अकरा जणांनी कप उचलले. कॉफी उत्तम होती, वेलदोडा बेताचा होता, आणि अबू फव्वाजने तिची तारीफही केली.

जुम्म्याला मोठा तंबू उभारला. दोनशे माणसं आली. मुतलकने उभं राहून सांगितलं की माझ्या हातून काम चुकलं, आणि मी उभं राहून सांगितलं की अल्लाहसाठी आणि इथे बसलेल्या थोरांसाठी आम्ही याला माफ केलं. लोकांनी आमच्या मोठ्या मनाची वाहवा केली. एका म्हाताऱ्याने तर माझं कपाळ चुंबलं. मग थाळ्या आल्या, आणि त्या दिवशी मुतलकला पहिल्या थाळीवर, अबू फव्वाजशेजारी बसवलं. अबू फव्वाज स्वतःच्या हाताने मटणाचे मऊ तुकडे तोडून त्याच्या बाजूला सारत होते.

माफी सगळ्यांनी दिली, गाडी मात्र परत कोणी दिली नाही. आपल्याच तोंडाने चूक कबूल केलेल्या माणसाकडे ॲक्सल कोण नेणार? दोन महिने शेड रिकामी राहिली. मग तो बकऱ्यांच्या वाड्यांची फाटकं आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड जोडायला लागला, आणि लोक त्यातही घासाघीस करायचे. इकडे फव्वाजने सत्तामच्या उलटलेल्या जीपचा मागचा ॲक्सल काढून दुसऱ्या जीपला लावला. पुढची जोडी आलीच होती, तीही अकाबात बसवून घेतली. ती जीप पाच वर्षं झाली मी चालवतो. पुढचा ॲक्सल दोनदा उघडून झाला. मागच्यातून आजवर ब्र निघालेला नाही. चढावर ती सुतासारखी सरळ ओढते, आणि मला तिचा राग येतो.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. माणूस काय काय गिळतो. पण माझी आई निघाली मनाची मोठी. तिला बायकांनी सांगितलं ते एवढंच, की मेकॅनिकने काम बिघडवलं आणि सत्ताम गेला. ती सहा महिने रडली आणि मग एक दिवस म्हणाली, "तोंडाने माफ केलं आणि पोटात ठेवलं तर अल्लाहला चालत नाही." तेव्हापासून दर बकरी ईदला ती कुर्बानीतला चांगला वाटा काढते, स्वच्छ फडक्यात बांधते आणि मला मुतलककडे पाठवते. तो घेतो. "उम्म अव्वादला सलाम सांग," म्हणतो. मी आईला सांगतो. असं चार वर्षं चाललं.

परवाच्या ईदला गेलो तेव्हा तो शेडमध्ये खुर्चीवर बसून होता. जोडकामाने त्याचे डोळे खराब झालेत, माणूस जवळ आल्याशिवाय ओळखत नाही. मी पुडकं हातात दिलं. त्याने ते मांडीवर ठेवलं, पण सलाम सांगितला नाही.

"बस," तो म्हणाला. "एक मागायचंय."

"माग, उस्ताद."

"तुझ्या आईला सांग."

मी विचारलं नाही काय म्हणून.

"दुसऱ्या कोणालाही नको. त्यांनी मागितलं, मी दिलं. दिलेलं मी परत घेत नाही. पण तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, अव्वाद. ती दर वर्षी माझ्या वाट्याचं मटण कापते, तेव्हा आपल्या पोराला मारणाऱ्यासाठी कापते. मला ते खाली उतरत नाही. मी ते कुत्र्यांना घालतो."

"सांगतो," मी म्हणालो.

"तुझं नाव नको घेऊस हवं तर. नुसतं एवढं सांग, की मुतलकचे दात तुटले नव्हते."

"सांगतो. आजच सांगतो."

"खरं?"

"अल्लाहची शपथ."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला मनापासून सांगायचं होतं. गाडीत वाक्यं जुळवली, मोठ्याने म्हणूनही बघितली. आई रडेल, मला शिव्या देईल, फव्वाजच्या दारात जाऊन उभी राहील, नोफा पोरांना घेऊन घरी येईल, आणि मग आई मला विचारेल, दुसऱ्या टोकाला कोण होतं. तरी सांगायचं असं ठरवून मी घरी पोचलो.

आई ओसरीत परात घासत होती. नोफाची पोरं तिच्याभोवती हाडं चोखत बसली होती. धाकट्याच्या अंगात सत्तामचा लहानपणचा सदरा होता.

"घेतलं त्याने?" आईने विचारलं.

"घेतलं."

"काही म्हणाला का?"

ती हात थांबवून माझ्याकडे बघत होती.

"माफी मागत होता," मी म्हणालो.

"बिचारा," आई म्हणाली. "अजून जाळतंय त्याला." तिने परात उपडी घातली, ओले हात झग्याला पुसले आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी जरा जास्त पाठवू."